पुणे लोकसभा मतदारसंघ

पुणे हा महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी एक असून त्याचा क्रमांक ३४ आहे. हा सर्वसाधारण (अनारक्षित) मतदारसंघ संपूर्णतः पुणे जिल्ह्यात येतो. त्यात पुणे शहराचा मध्यवर्ती भाग, पश्चिम व ईशान्येकडील उपनगरे, तसेच पुणे व खडकी या दोन कटकमंडळांचा (कॅन्टोन्मेंट) समावेश होतो. २०२४ पासून भारतीय जनता पक्षाचे मुरलीधर मोहोळ येथील खासदार आहेत.

विधानसभा मतदारसंघ

२००८ च्या पुनर्रचनेनुसार या मतदारसंघात पुढील सहा विधानसभा मतदारसंघ मोडतात :

* २०८ वडगाव शेरी – येरवडा, खराडी, विमाननगर, धानोरी इत्यादी
* २०९ शिवाजीनगर – शिवाजीनगर, औंध, बोपोडी, खडकी
* २१० कोथरूड – कोथरूड, पाषाण, बाणेर, बालेवाडी
* २१२ पर्वती – पर्वती, सहकारनगर, बिबवेवाडी
* २१४ पुणे कॅन्टोन्मेंट – लष्कर (कॅम्प), घोरपडी. अनुसूचित जातींसाठी राखीव
* २१५ कसबा पेठ – जुन्या पुण्यातील पेठा

सीमा व पुनर्रचना

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पुणे मध्य व पुणे दक्षिण असे दोन स्वतंत्र मतदारसंघ होते. १९५७ पासून पुणे या नावाचा एकच मतदारसंघ अस्तित्वात आहे.

२००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या पुनर्रचनेत बोपोडी व भवानी पेठ हे विधानसभा मतदारसंघ रद्द झाले. कोथरूड व वडगाव शेरी हे नव्याने निर्माण झाले. २००९ ची लोकसभा निवडणूक या नव्या सीमांनुसार झाली.

लोकसभा मतदारसंघाची सीमा व पुणे शहराची सीमा एकच आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. हडपसर व कोंढवा यांचा समावेश असलेला हडपसर विधानसभा मतदारसंघ शिरूर लोकसभा मतदारसंघात, तर वारजे, धायरी व सिंहगड रस्ता परिसर असलेला खडकवासला विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघात आहे. पिंपरी-चिंचवड हे जोडशहरही मावळ व शिरूर यांच्यात विभागले गेले आहे. या विभागणीमुळे २०२४ मध्ये खडकवासल्याच्या मतदारांनी ७ मे रोजी, तर उर्वरित पुणेकरांनी १३ मे रोजी मतदान केले.

निवडणुकांचा इतिहास

१९५२ मध्ये पुणे मध्यमधून न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ व पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव हे काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर झाली. तीत प्रजा समाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर काकासाहेब गाडगीळ यांचा पराभव केला. १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसने परत मिळवली, तर १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी विजयी झाले.

१९७१ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आलेले मोहन धारिया यांना जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा अशी भूमिका घेतल्यामुळे १९७५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळातून दूर करण्यात आले. आणीबाणीत त्यांना कारावास भोगावा लागला. १९७७ मध्ये याच मतदारसंघाने त्यांना जनता पक्षाचे उमेदवार म्हणून पुन्हा निवडून दिले व ते केंद्रीय वाणिज्यमंत्री झाले.

काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ १९८० पासून सलग तीन वेळा निवडून आले. १९९१ मध्ये अण्णा जोशी यांच्या रूपाने भारतीय जनता पक्षाने येथे प्रथमच विजय मिळवला. १९९८ मध्ये सुरेश कलमाडी काँग्रेसबाहेर पडून भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांना काँग्रेसचे विठ्ठल तुपे यांनी हरवले. १९९९ मध्ये काँग्रेस व नव्याने स्थापन झालेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्वतंत्रपणे लढले व भाजपचे प्रदीप रावत विजयी झाले.

खासदारांची यादी

* १९५७ – ना. ग. गोरे (प्रजा समाजवादी पक्ष)
* १९६२ – शंकरराव मोरे (काँग्रेस)
* १९६७ – एस. एम. जोशी (संयुक्त समाजवादी पक्ष)
* १९७१ – मोहन धारिया (काँग्रेस)
* १९७७ – मोहन धारिया (जनता पक्ष)
* १९८०, १९८४, १९८९ – विठ्ठलराव गाडगीळ (काँग्रेस)
* १९९१ – अण्णा जोशी (भाजप)
* १९९६ – सुरेश कलमाडी (काँग्रेस)
* १९९८ – विठ्ठल तुपे (काँग्रेस)
* १९९९ – प्रदीप रावत (भाजप)
* २००४, २००९ – सुरेश कलमाडी (काँग्रेस)
* २०१४ – अनिल शिरोळे (भाजप)
* २०१९ – गिरीश बापट (भाजप)
* २०२४ – मुरलीधर मोहोळ (भाजप)

पुनर्रचनेनंतरचे निकाल

* २००९ – सुरेश कलमाडी (२,७९,९७३ मते) यांचा अनिल शिरोळे (२,५४,२७२) यांच्यावर २५,७०१ मतांनी विजय
* २०१४ – अनिल शिरोळे (५,६९,८२५) यांचा विश्वजीत कदम (२,५४,०५६) यांच्यावर ३,१५,७६९ मतांनी विजय
* २०१९ – गिरीश बापट (६,३२,८३५) यांचा मोहन जोशी (३,०८,२०७) यांच्यावर ३,२४,६२८ मतांनी विजय
* २०२४ – मुरलीधर मोहोळ (५,८४,७२८) यांचा रवींद्र धंगेकर (४,६१,६९०) यांच्यावर १,२३,०३८ मतांनी विजय

रिक्त जागा व पोटनिवडणुकीचा वाद (२०२३-२४)

कसबा पेठेतून सलग पाच वेळा आमदार राहिलेले खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१-क नुसार रिक्त जागेसाठी सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. उर्वरित मुदत एका वर्षाहून कमी असल्यास, अथवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून विहित काळात निवडणूक घेणे अवघड असल्याचे प्रमाणित केल्यास त्यास अपवाद करता येतो. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ रोजी संपणार असल्याने उर्वरित मुदत एका वर्षाहून अधिक होती. तथापि अन्य निवडणुकांतील यंत्रणेची व्यग्रता व नव्या खासदारास मिळणारा अल्प कालावधी ही कारणे देऊन आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही.

या निर्णयाविरुद्ध पुण्यातील एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाची कारणे अमान्य करून तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये या आदेशास स्थगिती दिली. परिणामी, ४ जून २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळ, या मतदारसंघाला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. कसबा पेठ विधानसभेची रिक्त जागा मात्र २०२३ च्या आरंभीच पोटनिवडणुकीने भरण्यात आली होती. तीत विजयी झालेले धंगेकर हेच २०२४ मध्ये लोकसभेसाठी काँग्रेसचे उमेदवार होते.