‘बाबा’ ही उपाधी नव्हती! हिंगणघाटचे मुरलीधर आमटे ‘अभय साधक’ कसे झाले?

बाबा आमटे म्हटलं की खादीची बंडी, आनंदवन आणि कुष्ठरोग्यांची सेवा डोळ्यांसमोर येते. ‘बाबा’ हे नावही लोकांनी आदराने दिलं असणार, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते घरचं लाडाचं नाव होतं, अगदी लहानपणापासूनचं.

२६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला एका जमीनदार घरात मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. पोरवयातच हातात बंदूक, रानडुकरांची शिकार. पुढे स्वतःची स्पोर्ट्‌स कार आली. हॉलिवूडच्या सिनेमांचा नाद तर इतका, की ते इंग्रजी सिनेमासिकासाठी परीक्षणं लिहायचे. मग कायद्याची पदवी घेतली आणि वर्ध्यात वकिली सुरू झाली. या माणसात तेव्हा कुणालाही संत दिसला नसता.

पण वर्ध्याजवळच सेवाग्राम होतं. गांधीजींचा सहवास मिळाला. १९४२ च्या आंदोलनात अटक झालेल्यांच्या बाजूने आमटे कोर्टात उभे राहिले. रेल्वेत एका तरुणीला छेडणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटलं.

आणि नेमका हाच माणूस पुढे घाबरला.

वरोऱ्यात सफाई कामगारांची संघटना बांधताना त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला होता. अशाच काळात एका पावसाळी संध्याकाळी गटाराशेजारी पडलेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, जखमांत अळ्या. आमटे तिथून पळाले. रोगाची नव्हे, तर आपल्याच भीतीची त्यांना लाज वाटली आणि ते परत गेले. तुळशीराम फार जगला नाही. ‘अभय’ हे बिरूद आधी मिळालं होतं; ते खरं करण्याचं काम इथून सुरू झालं, असं म्हणता येईल.

त्यानंतर कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले, पण रोग झाला नाही. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहू लागलं. सोबत पत्नी साधनाताई, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

आनंदवनाची खरी गोष्ट मात्र रुग्णांची आहे. रोग जडला की गावात त्या माणसाची बाकी सगळी ओळख पुसली जायची. तो कुणाचा बाप, चांगला शेतकरी किंवा विणकर उरायचा नाही; उरायचा फक्त ‘महारोगी’. आनंदवनात त्यांनीच विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. दया नको, काम द्या, हा आमटेंचा आग्रह होता.

स्वतः आमटेही एका ओळखीत थांबले नाहीत. मणक्याचं दुखणं असतानाही १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि मोठ्या धरणांना विरोध केला. तेव्हा त्यांचं कौतुक करणाऱ्यांपैकी अनेकांना ही नवी ओळख मानवली नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं.

रुग्णांवरचा शिक्का कायद्यातून निघायला मात्र आणखी वेळ लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरवणारी तरतूद भारतात थेट २०१९ मध्ये रद्द झाली.