बाजारात बंदी, घरात भट्टी



बचत गटाच्या या कार्यक्रमात एरवी आपण हिशेब, कर्जफेड, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी यांवर बोलतो. आता ईस्टर जवळ आलाय, म्हणून आज आम्ही तुम्हाला एका बनचा इतिहास सांगणार आहोत. बन म्हणजे साधा गोड पावच, पण याच्यामागे राजाज्ञा आहे, समुद्रापारची लढाई आहे आणि घरात पीठ तिंबणाऱ्या बायका आहेत. शेवटी कृतीही सांगू. कागद-पेन जवळ घेऊन बसा.

या बनला म्हणतात हॉट क्रॉस बन. मुठीएवढा, मऊ, आत मनुका, दालचिनी-जायफळाचा वास आणि वर मैद्याच्या खळीने काढलेला पांढरा क्रूस. येशू ख्रिस्ताला क्रुसावर दिलं तो शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी हा बन खातात, आणि रविवारी ईस्टर. इंग्रजांबरोबर ही चाल आपल्याकडेही आली. मुंबईत वांद्र्याच्या बाजूला गुड फ्रायडेला बेकऱ्यांत हे बन मिळतात, काही घरांतही भाजतात. पण त्याचं मूळ गाव इंग्लंड. म्हणून आपण तिथेच जाऊ.

इंग्लंडात सेंट अल्बान्स नावाचं गाव आहे. तिथल्या मठातल्या एका भिक्षूने १३६१ साली गुड फ्रायडेला गरिबांना मसाल्याचे बन वाटले, अशी त्या गावाची परंपरा आहे. तिथे आजही त्या बनची आठवण जपतात. त्या काळी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे असत. मांस बंद, अंडी बंद, दूध-लोणीही बंद. अशा दिवसांत मसाल्याचा वास आणि चार मनुका एवढीच काय ती चैन.

आता या बनच्या आत काय काय असायचं ते बघा. गहू तिथलाच. पीठ फुगवायला आजच्यासारखं पुडीतलं यीस्ट नव्हतं. जवापासून दारू गाळताना जो फेस येतो तो पिठात घालायचे. ही दारू घरोघरी बायकाच करायच्या आणि विकायच्याही. आपल्या शेजारी गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर घालून पीठ फुगवायचे. दोन्हीकडची युक्ती एकच.

मसाला मात्र लांबून येणारा. आलं-मिरी मलबारची. दालचिनी श्रीलंकेची. लवंग मालुकू बेटांची आणि जायफळ त्यांच्या शेजारच्या बांदा बेटांचं. बारीक काळ्या मनुका ग्रीसच्या किनाऱ्यावरून यायच्या. इतक्या लांबून, इतक्या हातांतून आलेली वस्तू स्वस्त कुठून असणार? गरीब माणूस रोज जव किंवा राय नावाच्या धान्याचा जाडाभरडा पाव खायचा. मसाल्याचा बन त्याच्यासाठी सणाचीच गोष्ट.

आणि त्या मसाल्यामागे रक्तही सांडलं. जायफळाचा सगळा व्यापार आपल्याच हातात हवा म्हणून डच कंपनीच्या लोकांनी १६२१ साली बांदा बेटं जिंकली. तिथल्या मूळच्या माणसांपैकी बहुतेक मारले गेले, उपाशी मेले, पळून गेले किंवा गुलाम झाले. त्याच बेटांपैकी रन नावाच्या एका छोट्या बेटावर इंग्रजांचा दावा होता. १६६७ च्या तहात तो त्यांनी सोडला, आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन, जिथे आज न्यूयॉर्क उभं आहे, ते इंग्रजांकडे राहिलं. चिमूटभर जायफळाची किंमत कुणी मोजली, हे बन खाताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता कायद्याकडे येऊ. इंग्लंडात पावाचं वजन आणि भाव सरकार ठरवत असे. तसा कायदा १२६६ च्या सुमाराला झाला आणि पुढे कित्येक शतकं चालला. त्यात गंमत अशी की पावाची किंमत तीच राहायची, बदलायचं ते वजन. एका पेनीला, म्हणजे तिथल्या एका नाण्याला, एक पाव. गहू महागला की पाव लहान, स्वस्त झाला की मोठा. वजनात मारलं तर भट्टीवाल्याला दंड, नाहीतर भर बाजारात लाकडी खोड्यात उभं करायचे. आता तुम्हीच सांगा, मसाल्याच्या बनला हे माप कसं लावायचं? वजनातलं पीठ किती, मनुका किती, साखर किती? आपण चिवड्याची पुडी भरतो तेव्हाही हा प्रश्न येतोच.

मग आलं १५९२ साल. राणी एलिझाबेथचं राज्य. लंडनच्या बाजारांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने हुकूम काढला की मसाल्याचे बन, केक, बिस्किटं भट्टीवाल्यांनी करायची नाहीत आणि विकायची नाहीत. सूट तीनच प्रसंगांना: ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, नाताळ आणि कुणाच्या घरची मयत. कुणी इतर दिवशी विकले तर माल जप्त करून गरिबांना वाटून टाकायचा.

अशी बंदी का घातली? एक कारण सांगतात ते धर्माचं. इंग्लंड तेव्हा जुना कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट झालं होतं. शुक्रवारच्या या भाकरीत काही शक्ती आहे, हा लोकांचा समज नव्या धर्माधिकाऱ्यांना पटत नव्हता. दुसरं कारण वजन-भावाचं, जे आत्ताच सांगितलं. दोन्ही असू शकतील. मयतीला सूट का, असंही तुम्ही विचाराल. तिकडे अंत्यविधीला आलेल्या माणसांना असे बन-केक द्यायची रीत होती. लोकांच्या दुःखातली रीत मोडायला सरकारही धजावलं नाही.

गंमत म्हणजे त्याच १५९२ साली इंग्लंडात लेव्हंट कंपनी नावाची मोठी व्यापारी कंपनी उभी राहिली, आणि ग्रीसकडच्या मनुका आणणं हा तिचा एक मुख्य धंदा. पुढे १६०० च्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, ती मसाल्यासाठीच. तिचं पुढे आपल्या देशात काय झालं ते आम्ही सांगायला नको. म्हणजे शहाण्यासुरत्या व्यापाऱ्यांनी जहाजं भरून मसाला-मनुका आणायच्या, आणि गल्लीतल्या भट्टीवाल्याने त्यांचा बन विकला तर गुन्हा!

पण अधिकारी दुकानात शिरू शकतो. घरोघरच्या परातीत काय तिंबलंय ते कुठे कुठे बघणार? बन घरात होत राहिले. बहुतेक घरांत मोठी भट्टी नव्हती. कुणी पीठ घरी तिंबून गावच्या सामायिक भट्टीत भाजून आणायचं. कुणी चुलीवर लोखंडी भांडं ठेवून, झाकणावर निखारे घालून घरीच भाजायचं. कोकणातल्या मैत्रिणींना हे सांगायला नको. काकडीचं धोंडस आपणही असंच वर-खाली विस्तव ठेवून करतो.

पुढे बंदी सैल झाली. १७३३ सालच्या एका इंग्रजी पंचांगात या बनचा उल्लेख गुड फ्रायडेला गल्लोगल्ली विकला जाणारा गरम बन असा सापडतो. तेव्हा बायका-पोरं टोपल्या घेऊन पहाटेपासून ओरडत विकायची. लंडनजवळ चेल्सी इथे बनचं एक नामांकित दुकान होतं. गुड फ्रायडेला तिथे एवढी झुंबड उडायची की १७९३ साली मालकीणबाई मिसेस हँड यांना जाहीर करावं लागलं की आदल्या वर्षीच्या गर्दीने शेजाऱ्यांना फार त्रास झाला, म्हणून यंदा आम्ही क्रूसाचे बन विकणार नाही, नेहमीचे बन मात्र मिळतील.

या बनभोवती समजही पुष्कळ. गुड फ्रायडेला भाजलेला बन बुरसत नाही, तो स्वयंपाकघरात टांगून ठेवला तर घराला आग लागत नाही, पोट बिघडलं तर त्याचा चुरा पाण्यातून द्यावा. लंडनच्या पूर्वेला बो भागात ‘विधवेचा मुलगा’ या अर्थाच्या नावाचं एक दारूचं दुकान आहे. दंतकथा अशी की तिथे राहणाऱ्या विधवेचा मुलगा खलाशी. ईस्टरला येईन, माझ्यासाठी बन ठेव, असं सांगून तो गेला आणि परत आलाच नाही. आई दरवर्षी एक बन राखून ठेवत गेली. आजही गुड फ्रायडेला एक खलाशी तिथे येऊन छताला टांगलेल्या जाळीत नवा बन टाकतो. गोष्ट खरी की खोटी ते सोडा. बन भाजणारी आई त्या गोष्टीतही आहे, पण तिचं नाव कुणाला माहीत नाही.

आणि मैत्रिणींनो, आज आम्हाला सांगायचंय ते हेच. या सगळ्या इतिहासात नोंद कशाची झाली? बंदीच्या हुकुमाची झाली. वजनाच्या कायद्याची झाली. कंपन्यांच्या सनदांची झाली. दुकान होतं म्हणून मिसेस हँडचं नाव राहिलं. बंदीच्या काळात ज्यांनी घरात हा बन चालू ठेवला, मुलींना-सुनांना शिकवला, त्यांतल्या एकीचंही नाव सापडत नाही.

लिहिलं तरी नाव राहील याची खात्री नव्हती. १७४७ साली लंडनमध्ये घरगुती स्वयंपाकाचं एक पुस्तक निघालं आणि तुफान खपलं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, नुसतं ‘एका बाईकडून’ एवढंच छापलं होतं. हे एखाद्या पुरुषाने लिहिलं असणार, अशीही चर्चा त्या काळी झाली. लिहिणारीचं नाव हॅना ग्लास. पुस्तक खपत असताना १७५४ साली तिचं दिवाळं निघालं आणि पुस्तकाचे हक्क तिला विकावे लागले. तिचं ते काम होतं याचा पक्का पुरावा १९३८ साली एका अभ्यासक बाईंनी शोधून काढला. जवळजवळ दोनशे वर्षांनी!

आपल्या गटात कितीतरी जणींच्या हातच्या पदार्थांना मागणी आहे. पण प्रमाण कुठे लिहिलंय? ‘अंदाजानं घालते’ हे आपलं उत्तर. साहित्याचा खर्च आपण धरतो, गॅस धरतो का? तीन तास उभं राहिल्याची मजुरी धरतो का? पुडीवर गटाचं नाव असतं, करणारीचं असतं का? घरात केलेलं काम आपण स्वतःच मोजत नाही, मग दुसरं कोण मोजणार?

तर आता कृती, प्रमाणासकट. सहा बनसाठी. पाव किलो मैदा, चहाचा एक चमचा झटपट यीस्ट, तीन मोठे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा मसाला. मसाल्यात दालचिनीची पूड जास्त, जायफळ त्याहून कमी, लवंग चिमूटभर. पंचवीस ग्रॅम लोणी, साधारण दीडशे मिलिलिटर कोमट दूध, मूठ-दीड मूठ मनुका. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट, जास्त गरम झालं तर यीस्ट मरतं.

कोरडं साहित्य मिसळा, दूध घालून पीठ भिजवा, मग लोणी घालून चांगलं दहा मिनिटं तिंबा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल, घाबरून वर मैदा ओतू नका. मनुका शेवटी घाला. झाकून ठेवा. आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात तासाभरात पीठ दुप्पट होतं. सहा गोळे करून तुपाचा हात लावलेल्या थाळीत जवळजवळ ठेवा आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्या. तीन चमचे मैद्यात तेवढंच पाणी घालून घट्टसर खळ करा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून, मेंदी काढतो तशी वर उभी-आडवी रेघ ओढा. तापलेल्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर वीसेक मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये तळाला मीठ पसरून, वर जाळी ठेवून, रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवा, मग थाळी ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. कुकरात वरचा रंग फिका राहतो, चव तीच. बाहेर काढल्यावर गरम असतानाच साखरपाण्याचा हात फिरवा, चकाकी येते.

पहिल्यांदा कराल तेव्हा वहीत लिहा: काय किती लागलं, किती वेळ गेला, एक बन कितीला पडला. आणि वर तारीख घालून स्वतःचं पूर्ण नाव लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीला वही आणा. भाव काय ठेवायचा ते तिथे मिळून ठरवू.

ईस्टर साजरा करणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना आमच्या गटाकडून शुभेच्छा. नमस्कार.