साहेबाची काठी

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. चातुर्मासात तर पालेभाजीसुद्धा बंद असते. तरीही सुलतान बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मासे मारायची काठी सत्तरहून अधिक वर्षं पडून होती, आणि ती काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई तिला ‘साहेबाची काठी’ म्हणायच्या. तिच्या जाड तुकड्याला कुंचा बांधून त्या जळमटं काढत असत.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना पुतण्याने ती मळकी कॅनव्हासची पिशवी उघडली आणि ओरडलाच, “काकू, हा फ्लाय रॉड आहे! बाहेर याला हजारो डॉलर देतात.” झालं. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी तीच गोष्ट. मी म्हटलं, विकायचं की नाही ते नंतर बघू, आधी वस्तू ओळखू तर या. कोठीच्या महिला महाविद्यालयात, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या जुन्या हवेलीत मी बी.ए. केलं. त्या खांबांखाली शिकलेला इतिहास कुठेतरी उपयोगी पडावा की नाही!

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे आपल्या बायकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. आकड्याला पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर जात नाही, म्हणून वजन दोरीला देतात. काठी मागे-पुढे झुलवून ती दोरी लांबवर टाकायची. त्यासाठी काठी लवचीक हवी, पण लिबलिबीत नको.

आमच्या भागात बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारा एक जण आहे. तेलुगूत त्यांना मेदरी म्हणतात, आपल्याकडचे बुरूड. त्याला काठी दाखवली. त्याने कापलेल्या टोकाकडे पाहिलं, अंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “अम्मा, ये एक बांस नइं है. छे टुकड़े चिपकाए सो है.” खरंच होतं. बांबूची ताकद त्याच्या सालीजवळच्या तंतूंत असते, आतला भाग मऊ. म्हणून बांबू चिरून सहा तिकोनी कामट्या करायच्या, त्या टोकाकडे निमुळत्या तासायच्या आणि साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. षटकोनी, आतून भरीव काठी तयार होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुकांचा कारागीर 1840 च्या दशकात चिरलेल्या बांबूच्या काठ्या करू लागला होता. पुढे मेन प्रांतातल्या हायरम लिओनार्डने सहा कामट्यांची पद्धत नावारूपाला आणली. इंग्लंडात अल्निक गावी 1872 मध्ये सुरू झालेल्या हार्डी बंधूंच्या काठ्या साऱ्या साम्राज्यात पोचल्या.

आता या काठीची किंमत कशी ठरते? पहिला प्रश्न नावाचा. मुठीजवळच्या धातूवर किंवा बांबूवर कारागिराचं नाव आणि क्रमांक असतो. दुसरा प्रश्न पूर्णतेचा. तीन तुकड्यांच्या काठीबरोबर टोकाचा एक जादा तुकडा द्यायची पद्धत होती, कारण टोक लवकर मोडतं. सगळे तुकडे सारख्या लांबीचे हवेत. एखादा आखूड असेल तर तो मोडून पुन्हा बसवलेला समजायचा, आणि भाव उतरतो. मग सांध्याच्या जर्मन सिल्व्हरच्या नळ्या घट्ट बसतात का, काठी वाकली आहे का, रेशमाचे वेढे आणि व्हार्निश मूळचे आहेत का, हे बघतात. जुनं पितळ चिंचेने लख्ख घासायची आपली सवय इथे घातक. व्हार्निश खरवडलं की किंमतही गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकन सैनिकांसाठी लाकडी पेटीतल्या बांबूच्या काठ्या ढिगाने झाल्या. दिसायला सुरेख, पण त्यांना आजही फारसा भाव नाही.

आमच्या काठीवर नाव नाही. मुठीजवळचा धातू झिजून कोरा झाला आहे. एक टोक चार बोटं आखूड. पुतण्याचं तोंड उतरलं. पण मला वेगळ्याच दोन खुणा सापडल्या. बांबूवर ठिकठिकाणी तपकिरी, भाजल्यासारखे डाग होते आणि काठीभर बोट-बोट अंतरावर रेशमाचे वेढे. नुसत्या डागांवरून निकाल देऊ नये, कारण पुढे रंगासाठीही काठ्या भाजत असत. पण डाग आणि दाट वेढे दोन्ही असतील तर काठी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची. तेव्हाचा सरस पाण्याने सुटायचा, म्हणून जागोजागी बांधावं लागे.

आणि तेव्हाचा बांबू चीनचा नव्हता, आपला होता. कलकत्ता बंदरातून जायचा म्हणून त्याचं नाव ‘कलकत्ता केन’. जाणकारांच्या मते तो मुख्यतः भरीव बांबू, ज्याला चंद्रपूर-गडचिरोलीकडे मानवेल म्हणतात. आदिलाबादच्या जंगलातही तोच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याची पेरं लांब आणि तंतू दाट. मॅक्लूर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1931 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, ‘अमाबिलिस’, म्हणजे लोभस. 1950 नंतर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, त्यातच काचतंतूच्या काठ्या आल्या आणि बांबूचा जमाना ओसरला.

म्हणजे आपल्या रानातला बांबू बोटीने विलायतेला गेला, तिथे चिरला, चिकटवला गेला आणि साहेबाच्या सामानातून परत दख्खनला आला. इथे त्याचं काम काय, तेही कळलं. दख्खनच्या नद्यांतला महासीर मासा कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्रात नोंदवला. मद्रास प्रांतातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथच लिहिला. त्याच माशाला महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत लोक देवीचा मासा मानतात, कुरमुरे घालतात आणि मारत नाहीत. तिथे जैनांची वस्ती लागते असं नाही.

पिशवीत एक पत्र्याची डबी होती. त्यात पिसांच्या सात खोट्या माश्या. काहींना राखी रानकोंबड्याच्या मानेची, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची पिसं. विलायतेत त्यांना इतकी मागणी होती की पक्षीच संपतील अशी भीती होती. 1902 मध्ये सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी आज संरक्षित आहे. त्याच वर्षीच्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुतण्याचे डॉलर तिथेच संपले.

तो म्हणाला, “मग इथेच विकू.” मला समंतभद्र आचार्यांचं रत्नकरंड श्रावकाचार आठवलं. त्यात अनर्थदंडाचा एक प्रकार हिंसादान सांगितला आहे. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. मी विकायला नकार दिला, आणि खरं सांगते, मनातून जरा फुशारलेही.

ती फुशारकी टिकली नाही. ही काठी आपल्या घरी आलीच कशी, म्हणून आजेसासऱ्यांच्या चोपड्या काढल्या. मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थ घरी आले. फसली 1356, म्हणजे 1947 चा उन्हाळा. इंग्रज निघायच्या तयारीत होते. नोंद अशी होती, की सिकंदराबादच्या एका साहेबाला कलदार चाळीस दिले, व्याज अमुक, गहाण काठी एक. सोडवायला कोणी आलं नाही. निजामाचा हाली सिक्का न लिहिता कलदार लिहिला, म्हणजे छावणीशी व्यवहार रोजचाच असणार.

आजेसासरे रोज मंदिरात जाऊन मगच पाणी प्यायचे. त्यांना काठी कशाची ते कळलं नसेल? डबीतले आकडे त्यांनी पाहिलेच असणार. पैसे दिले, व्याज धरलं आणि वहीत फक्त ‘काठी’ लिहिलं. पुढे सासूबाईंनी ‘साहेबाची’ जोडलं. साहेबाची म्हटलं की आपल्याकडे बोट येत नाही.

मी काठी मोडली नाही, विकलीही नाही. तेलाचा हातसुद्धा लावला नाही. सुती कापडात आडवी ठेवली, म्हणजे वाकणार नाही. त्या पानाची छायाप्रत सोबत बांधली. वर एक चिठ्ठी लावली. मासे मारायची काठी, सहा कामट्यांची, हिंदुस्थानी बांबूची, आमच्याकडे चाळीस कलदारांना गहाण.

नात शेजारी उभी राहून वाचत होती. तिने विचारलं, “आजी, मासे मारायची असं लिहायलाच हवं का?”

मी म्हटलं, “हौ, लिहायलाच हवं.”