तबकडीवर उरलेले मेळे

ज्या मेळ्याजवळ स्वतःची अखंड तबकडी काढण्याइतका पैसा नाहीं, आणि बहुधा तेवढें आयुष्यहि नाहीं, त्याचें नांव मागें उरावें कसें, हा प्रश्न पंक रॉकच्या इतिहासांत पदोपदीं उभा राहतो. इंग्रजींत ज्यांस बँड म्हणतात त्यांस आम्ही येथें मेळे म्हणत आहों. १९७५ नंतरच्या दहा वर्षांत लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा शहरांतून हे मेळे पावसाळ्यांतल्या भूछत्र्यांप्रमाणें उगवले आणि कित्येक तर वर्षा-दोन वर्षांतच मोडले. त्यांतील अनेकांचा आवाज आज ऐकूं येतो तो केवळ संकलन-तबकड्यांमुळें. रसिक ह्या तबकड्यांकडे त्या काळच्या बखरी म्हणून पाहतात. पण बखर म्हटली कीं ती लिहविली कोणीं, हेंहि विचारावें लागतें.

‘नो न्यूयॉर्क’चेंच पाहा. मे १९७८ मध्यें खालच्या मॅनहॅटनमधील ‘आर्टिस्ट्स स्पेस’ ह्या कलासंस्थेंत पांच रात्रीं १० मेळ्यांचे कार्यक्रम झाले. पंकनें रॉक संगीताचा डौल उतरविला होता; ह्या मंडळींनीं पंकमध्यें उरलेला ताल-सूरहि मोडावयास घेतला. इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो श्रोत्यांत होता. हें सारें नोंदवून ठेविलें पाहिजे असें त्यास वाटलें, आणि त्याच वर्षीं त्याच्या देखरेखीखालीं तबकडी निघाली. तींत मेळे चारच: कंटॉर्शन्स, टीनेज जीझस अँड द जर्क्स, मार्स व डीएनए, प्रत्येकाचीं चार गाणीं. हे चारहि शेवटच्या दोन रात्रीं वाजविणारे! पहिल्या तीन रात्रींपैकीं एकहि नाहीं. थिओरेटिकल गर्ल्समधील ग्लेन ब्रँका यानें पुढें विजेच्या गिटारींच्या सिंफनी रचून आपलें नांव स्वतंत्रपणें मिळविलें. पण टर्मिनल किंवा कम्युनिस्ट्स हीं नांवें आज जवळजवळ कार्यक्रमपत्रिकेपुरतींच उरलीं आहेत. ‘नो वेव्ह’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें येतात ते ईनोचे चार. तबकडी विलक्षण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. गीतांचे शब्द तर वेष्टणाच्या आंतल्या बाजूस छापलेले; वाचावयाचे तर वेष्टण फाडा! कलाकृति म्हणून ती श्रेष्ठ, परंतु इतिहास म्हणून ती एका चतुर पाहुण्याची निवड आहे.

वॉशिंग्टनच्या मुलांनीं पाहुण्याची वाट पाहिली नाहीं. टीन आयडल्स हा विशीच्या आंतील मुलांचा मेळा १९८० सालीं मोडला, तेव्हां कार्यक्रमांच्या बिदागींतून साठलेले सुमारें ६०० डॉलर वांटून न घेतां त्यांनीं आपलीच एक लहान तबकडी काढली. त्यासाठीं इयन मॅकाय, जेफ नेल्सन व नेथन स्ट्रेजेक यांनीं स्थापिलेली संस्था म्हणजे डिस्कॉर्ड. एका विलायती तबकडीचें वेष्टण उकलून त्याचा आकार कागदावर उतरविला, छापून आणला, आणि कात्रीनें कापून, घड्या घालून, गोंदानें चिकटवून वेष्टणें हातांनींच तयार केलीं. १९८२ सालीं ह्याच संस्थेनें ‘फ्लेक्स युअर हेड’ काढली: ११ मेळे, ३२ गाणीं. त्यांतले टीन आयडल्स, अनटचेबल्स, स्टेट ऑफ अलर्ट इत्यादि मेळे तबकडी बाहेर येईपर्यंत मोडूनहि गेले होते. स्टेट ऑफ अलर्टचा गायक १९८१ मध्येंच कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगमध्यें दाखल झाला, व पुढें हेन्री रोलिन्स ह्या नांवानें जगाला ठाऊक झाला. मोडलेल्या मेळ्यांस जागा देणें हा धंद्याच्या दृष्टीनें वेडेपणा. पण येथेंच आम्हांस ह्या मुलांची इतिहासबुद्धि दिसते. पक्क्या गाण्याशेजारीं कच्चें गाणेंहि तेथें आहे, आणि त्या शहरांतील मुलें खरोखर कशीं वाजवीत होतीं हें कच्च्या गाण्यांवरूनच अधिक कळतें.

मात्र ह्या बखरींतहि एक जागा रिकामी आहे. मुलांनीं ज्यांच्याकडून वेग आणि जोम उचलला तो बॅड ब्रेन्स हा चार कृष्णवर्णीय तरुणांचा, त्याच शहरांतील वडील मेळा ह्या तबकडींत नाहीं. तो तोंवर न्यूयॉर्ककडे वळला होता, व त्याचा पहिला संपूर्ण संग्रह त्याच १९८२ सालीं तेथील एका लहान कंपनीनें केवळ कॅसेटवर काढला. ती कॅसेट ज्याच्या हातीं लागली नाहीं, त्यास ‘फ्लेक्स युअर हेड’ ऐकून हा वेग ह्या मुलांपासूनच सुरू झाला असें वाटेल.