नोंदींचा पहारा आणि त्याचें मोल

शाळेच्या कचेरींत दोन वह्या असतात. एक जनरल रजिस्टर. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव एका क्रमांकाखालीं एकदांच लिहिलेलें असतें. दुसरी फीची वही. तींत नुसता तो क्रमांक लिहिला तरी भागतें. मात्र फीच्या वहींतील क्रमांक रजिस्टरांत नसेलच, तर ते पैसे कोणाचे? संगणकांतील डेटाबेसलाही हाच प्रश्न पडतो. आणि त्याच्या उत्तरासाठीं किती वेळ खर्चावा, हा वाद फार दिवसांचा आहे.

या विषयाचा आरंभ एडगर कॉड यांच्यापासून होतो. त्यांचा जन्म इंग्लंडांत १९२३ सालीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते वैमानिक होते; पुढें अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनींत त्यांनीं संशोधन केलें. सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, ही कल्पना त्यांनीं १९७० च्या आपल्या निबंधांत सांगितली. एका कोष्टकांतील जो क्रमांक दुसऱ्या कोष्टकांतील मुख्य क्रमांकाकडे बोट दाखवितो, त्यास त्यांनीं ‘फॉरेन की’ म्हटलें. १९८१ सालीं त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. परंतु कल्पना निघणें वेगळें आणि ती अंमलांत येणें वेगळें. एस.क्यू.एल. भाषेच्या १९८६ च्या पहिल्या प्रमाणग्रंथांत हें बंधन नव्हतें. तें १९८९ सालीं आलें.

आतां खर्चाचा हिशेब पाहूं. फीची प्रत्येक नोंद करतांना यंत्राला रजिस्टर उघडून तो क्रमांक शोधावा लागतो. इतकेंच नव्हे, तर आपली नोंद पुरी होईपर्यंत तें नांव कोणी खोडूं नये म्हणून त्यावर कुलूप ठेवावें लागतें. उलट रजिस्टरांतील नांव खोडतांना फीची वही तपासावी लागते. आणि त्या वहीस सूची नसेल, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती चाळावी लागते.

१९९५ सालीं निघालेल्या मायएसक्यूएलच्या कर्त्यांनीं या खर्चावर बोट ठेवलें. कार्यक्रम लिहिणारा नोंदी योग्य क्रमानेंच करतो, मग ही तपासणी हवी कशाला, असा युक्तिवाद त्यांच्या माहितीपुस्तकांत होता. त्यांची प्रणाली बंधनाची आज्ञा निमूटपणें ऐके आणि पाळीत मात्र नसे! पुढें २००१ सालीं इनोडीबी या भागामार्फत हें बंधन तेथें आलें, आणि २०१० पासून तोच भाग मुख्य ठरला.

पोस्टग्रेसचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. तेथें २००० सालीं हें बंधन आलें, तेव्हां एकाच नांवाखालीं दोघांना नोंद करावयाची असल्यास दुसऱ्यास थांबावें लागे; कारण कुलूप एकट्याचें असे. २००५ सालीं तें कुलूप सामाईक झालें. २०१३ सालीं तें आणखी हलकें झालें. मुख्य क्रमांकास धक्का न लावतां नांवापुढील इतर माहिती बदलण्यासही मग अडथळा राहिला नाहीं. म्हणजे बंधन तसेंच राहिलें, त्याचा बोजा मात्र कमी होत गेला.

तात्पर्य काय? खर्च खरा आहे. तो नाकारण्यांत शहाणपण नाहीं. खालच्या कोष्टकास सूची द्यावी, लाखो नोंदी एकदम भरावयाच्या असल्यास बंधन तात्पुरतें उतरवून भरणा झाल्यावर पुन्हां घालावें, आणि मगच उरलेला वेळ मोजावा. पहारा काढल्यानें तपासणीचा खर्च नाहींसा होत नाहीं. तो यंत्राच्या माथ्यावरून माणसाच्या माथ्यावर येतो. यंत्र क्षणांत तपासतें. माणसाला मात्र बेवारशी नोंदींचे धनी वर्षानंतर शोधीत बसावें लागतें, आणि तोंवर पुष्कळदां पुरावाही उरलेला नसतो.