खाऊला वार होता

‘बाहेरचं खाऊ नको’ हे वाक्य वऱ्हाडातल्या प्रत्येक पिढीने आपल्या लेकरांना ऐकवलं आहे. शब्द तेच राहिले, त्यामागचं कारण मात्र बदलत गेलं. आज अमरावती-अकोल्यातले आईबाप पिझ्झा, नूडल्स आणि वेफर्सवरून पोरांना रागावतात तेव्हा ते तब्येतीबद्दल बोलत असतात. त्यांचे आजे-पणजे हेच म्हणायचे, पण त्यांच्या मनात तब्येत क्वचितच असायची. त्यांच्या मनात तीन गोष्टी होत्या: जात, पैसा आणि आठवड्याचा वार. पोराच्या खाण्याभोवतीची ही तीन कुंपणं होती. ती कशी पडली हे पाहिलं, की आजच्या आईबापांचा गोंधळही समजतो.

पहिलं कुंपण जातीचं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. वाटेत अकोला होतं, बडनेरा होतं. वऱ्हाडचा कापूस या रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. कापसाच्या बाजारात गाडीवान, दलाल, जिनिंगमधले कामगार यांची गर्दी वाढली. घरापासून लांब असलेल्या माणसाला चहा लागतो, भजी लागतात. स्टेशनाजवळ आणि बाजारपेठेत हॉटेलं आली ती अशा माणसांसाठी. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांना मात्र तिथला चहा म्हणजे संकटच वाटे, कारण तो कोणी केला आणि त्या कपाला आधी कोणी तोंड लावलं, हे सांगता येत नसे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरं जावं लागलं. जिथे मोठ्यांची ही गत, तिथे लेकरांना हॉटेलात कोण जाऊ देणार?

पण हे झालं एका बाजूच्या घरांचं. दुसऱ्या बाजूला अशीही लेकरं होती, ज्यांना घरून मनाई नव्हती, हॉटेलातूनच होती. त्यांच्या बापाला चहा मिळायचा तो बाहेर उभं राहून, वेगळ्या ठेवलेल्या कपात. त्या काळात देऊळ, विहीर आणि हॉटेल या तिन्ही जागी एकच भांडण चाललं होतं. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुल्या केल्या. पुढे १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आला: तिथे जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. १९५५ च्या कायद्याने असं अडवणं हा गुन्हा ठरवला.

म्हणजे पोराला हॉटेलच्या बाकावर शेजारी बसवून बापाने एक प्लेट भजी मागवणं, ही काही घरांत वाईट सवय नव्हती. ती कमाई होती. ‘आमच्या वेळी कोणी बाहेरचं खात नव्हतं’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी एवढं आठवावं, की त्या ‘आमच्या’मध्ये सगळे नव्हते.

दुसरं कुंपण पैशाचं, आणि ते भुकेला लागून होतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी वाटली गेली. तिच्या भाकरीची चव त्या वेळची माणसं अजून विसरलेली नाहीत. त्याच काळात लेकरांच्या हातावर सुकडी पडायची. एरवीही शेतकरी-मजुराच्या घरी रोजचं ताट ठरलेलं असे: ज्वारीची भाकरी, वरण किंवा झुणका, तोंडी लावायला ठेचा. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. अशा घरात ‘बाहेरचं खाऊ नको’ याचा अर्थ ‘परवडत नाही’ एवढाच होता.

त्या दुष्काळातली लेकरं आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवाच्या हातात चिप्सचं पाकीट देताना त्यांच्या मनात काय असतं? ‘आमाले नाही भेटलं, पोट्ट्याले तरी भेटू दे.’ डॉक्टर या वाक्याला लाड म्हणतील, पण त्यात जुनी भूक बोलते. लेकरू गुबगुबीत दिसलं की घर समाधानी होतं, कारण वाळलेली लेकरं या मुलखाने फार पाहिली आहेत. अजूनही पाहतो आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून उच्च न्यायालयापुढे येत राहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. जास्त वजनाची ४.१ टक्के होती, पण आधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा १.९ होता. म्हणजे एका बाजूला भूक गेलेली नाही आणि दुसऱ्या बाजूला लठ्ठपणा दुप्पट झाला आहे. आजी आणि डॉक्टर दोघंही खरं बोलतात, ही इथली खरी अडचण आहे.

तिसरं कुंपण वाराचं. याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही, कारण ते कोणी मुद्दाम घातलं नव्हतं. वऱ्हाडात बाहेरच्या खाण्याला वार होता, आणि तो म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. बाप बाजारातून आला की पिशवीतून चिवडा, फुटाणे, रेवडी, कधी जिलबी निघायची. लेकरं दुपारपासून वाट पाहत बसायची. नाही तर मग जत्रा किंवा प्रवास. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या शर्मा कुटुंबाने ती शेगावच्या रेल्वे स्टेशनावर विकायला सुरुवात केली. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेल्या घरांनी ती डोक्यावर घेतली. मैद्याचीच ती, तेलात तळलेलीच. पण शेगाव रोज घडत नसे, म्हणून कचोरीही रोज घडत नसे. आजही पालक फास्ट फूडची यादी करतात तेव्हा तीत कचोरी, आलूबोंडा, गिलावडा नसतात. जे आपल्या लहानपणी दुर्मीळ होतं ते आपल्याला निर्दोष वाटतं.

हा वार मोडला तो पुडीने. १९८३ च्या सुमारास मॅगी भारतात आली. ‘दोन मिनिटं’ हे तिचं वचन पोरांपेक्षा आईला दिलेलं होतं. भाकरीला दळण लागतं, परातीत पीठ मळावं लागतं, तव्यापाशी उभं राहावं लागतं, आणि हे सगळं एकटीने. मग पाच रुपयांची पाकिटं आली आणि गल्लीतल्या किराणा दुकानाच्या दारावर माळेसारखी लटकली. पाच रुपये मजुराच्या पोराकडेही असतात. पैशाचं कुंपण गेलं आणि त्यासोबत वारही गेला. ज्या खाऊची आठवडाभर वाट पाहायची, तो शाळेत जाता-येता मिळू लागला.

सरकारने आपल्या परीने कुंपण घालून पाहिलं. २०१५ च्या जूनमध्ये मॅगी बाजारातून हटवली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरात ती पुन्हा दुकानात आली. २०१७ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेयं बाहेर काढायला सांगितली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली. पण पन्नास मीटर म्हणजे पोराच्या पायाने एक मिनिट. आणि कायदा फाटकाबाहेरचं काही काढू शकतो, डब्यात काही घालू शकत नाही.

डब्यात पूर्वी जे असायचं तेही आता शेतात कमी दिसतं. वऱ्हाडात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. भाकरी उरली ती गरिबीची खूण म्हणून, आणि वर्गात डबा उघडताना ती झाकणारी लेकरं आहेत. २०२३ हे जगाने भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी शहरातल्या महागड्या दुकानात पोचली, पण शाळेच्या डब्यातली तिची लाज तेवढ्याने जाणार नाही.

म्हणून ‘हल्लीच्या आया आळशी झाल्या’ हा शेरा अन्यायाचा आहे. जातीचं कुंपण पडायलाच हवं होतं. गरिबीचं पडलं हे चांगलंच झालं. ती दोन्ही पुन्हा उभारायची कुणाला गरज नाही. परत आणण्यासारखा आहे तो फक्त वार. नूडल्स असोत की कचोरी, तिला एक दिवस ठरवून द्यावा, आणि उरलेल्या सहा दिवसांची भाकरी एकट्या आईच्या हातावर टाकू नये. बापाला बाजारातून खाऊ आणता येत होता, तसा तवाही धरता येतो.