ओस्पितालेरो
स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या ‘आल्बेर्गे’ या धर्मशाळावजा निवासात विनावेतन यजमानपण करणारा स्वयंसेवक. तो स्वतः ही वाट चाललेला असावा, अशी अपेक्षा असते व प्रशिक्षणानंतर त्याची नेमणूक बहुधा १५ दिवसांसाठी होते. यात्रेकरूच्या ‘क्रेदेन्सियाल’वर, म्हणजे यात्रापत्रावर, शिक्का उमटवणे, पायांच्या फोडांवर मलमपट्टी करणे आणि सकाळी सारे निघून गेल्यावर न्हाणीघरे घासून काढणे ही त्याची कामे असली, तरी दमून आलेल्याला दारातच पाण्याचा पेला देऊन त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवून घेणे, हेच या सेवेचे खरे मर्म होय. याच वाटेवरील ग्रान्योन या गावच्या आल्बेर्गेत चर्चच्याच इमारतीत जमिनीवरील गाद्यांवर निजणे, एकत्र जेवणे व ऐपतीप्रमाणे दान पेटीत टाकणे, ही रीत टिकून आहे.